पास झालेली पोरं सध्या काय करतात? आमच्या ट्रेसर सर्व्हेचा अनुभव

जून 2024 संपता संपता आमच्या फंडरचा मेल आला. पुढच्या वर्षाचं प्रपोजल पाठवताना सोबत 2021 ते 2023 मधली मुलं-मुली आज काय करतात याची माहिती जोडा, किती जणांना ट्रेनिंग दिलं आणि किती सर्टिफिकेटं वाटली एवढ्यावर आता भागणार नाही, मुदत जानेवारी अखेर. मी बार्शीतल्या एका छोट्या ट्रेनिंग संस्थेत एमआयएस (म्हणजे सगळ्या नोंदी आणि आकडे) आणि रिपोर्टिंग बघते, म्हणजे खरं तर हजेरी, फोटो, बिलं, बायोमेट्रिक मशीनची बोंब, सगळंच बघते. आमच्याकडे तीन कोर्स चालतात, हॉस्पिटलमधल्या कामाचा जीडीए, टॅलीसकट अकाउंटिंग आणि दुचाकी दुरुस्ती. तीन वर्षांचे प्रवेश मिळून सहाशेच्या आसपास. मेल वाचून पोटात गोळाच आला, हे सहाशे जण आता शोधायचे कुठे.

शिकून गेलेल्यांना असं शोधून विचारण्याला ट्रेसर सर्व्हे म्हणतात. हे सगळं लिहून ठेवतेय कारण तेव्हा मी गुगलवर भरपूर शोधलं आणि मिळाले ते एकतर मोठ्या संस्थांचे चकचकीत पीडीएफ नाहीतर इकॉनॉमिक्सवाल्यांचे जड पेपर. तालुक्याच्या गावी, एक लॅपटॉप आणि दोन-तीन माणसांवर हे काम कसं करायचं ते कुणी सांगत नाही.

आधी तपासलं की हे कायद्याने सक्तीचं आहे का. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाच्या, नियमांत जानेवारी 2021 मध्ये इम्पॅक्ट असेसमेंट (कामाचा परिणाम मोजून घेणं) आलं, पण ते ज्या कंपनीचं सीएसआरचं बंधन मागच्या तीन वर्षांच्या सरासरीने 10 कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिलाच लागू, आणि तेही 1 कोटी आणि त्यावरच्या, पूर्ण होऊन किमान वर्ष झालेल्या प्रोजेक्टसाठी, आणि ते स्वतंत्र एजन्सीकडूनच करून घ्यायचं. आमचं बजेट त्याच्या आसपासही नाही. फंडरच्या मॅडमना फोन केला तर त्या सरळ म्हणाल्या, "सक्ती नाहीये ओ, पण बोर्ड विचारतं." झालं. मग त्याच फोनवर पैशाचं विचारून घेतलं. ट्रेनिंगच्या हेडमध्ये थोडी शिल्लक होती ती या कामाला वळवू का. "मेल टाका" म्हणाल्या, मेल टाकला, लेखी हो यायला तीन आठवडे गेले आणि तोपर्यंत मी एक रुपया खर्च केला नाही. तुम्हीही करू नका, तोंडी हो ऑडिटरला दाखवता येत नाही.

जुलै सगळा यादीत गेला. तीन वर्षांची रजिस्टरं, पोर्टलवरून काढलेली एक्सेल आणि परीक्षेच्या निकालाच्या शीट, तिन्हीत नावं वेगवेगळी. आधारवर वडिलांचं नाव मधे, निकालात आडनाव आधी, आणि मुलीचं लग्न झालेलं असेल तर तिसरंच नाव. आम्ही प्रत्येकाला कोर्स, बॅच आणि अनुक्रमांक मिळून एक कोड दिला आणि नावावरून जुळवणं बंद केलं. मोबाईल नंबर बहुतेकांचा एकच, तोही कित्येकदा भावाचा किंवा शेजारच्या काकूंचा.

याच टप्प्यावर एक ठरवावं लागलं आणि त्यावर ऑफिसात चांगलीच वादावादी झाली. यादीत कोण धरायचे, पास झालेले की प्रवेश घेतलेले सगळे? आमचे सर म्हणत होते पास झालेलेच, अर्धवट सोडून गेलेल्यांचं आपण काय देणं लागतो. मी कागदावर हिशोब मांडला. समजा 100 जणांनी प्रवेश घेतला, 80 पास झाले, त्यातले 50 फोनवर सापडले आणि त्या 50 मधले 40 कामाला आहेत. 50 ने भागलं तर 80 टक्के, 80 ने भागलं तर 50 टक्के आणि 100 ने भागलं तर 40 टक्के. तिन्ही भागाकार बरोबरच. पेपरात आणि ब्रोशरमध्ये जे 80-85 टक्के प्लेसमेंट छापून येतं ते वाचताना मला आता पहिला प्रश्न हाच पडतो की खाली काय आहे. कौशल्य ट्रेनिंगसाठीच्या सरकारच्या 2015 च्या नियमांत, कॉमन नॉर्म्समध्येही टक्का सर्टिफिकेट मिळालेल्यांवर मोजायचाय, ट्रेनिंग संपल्यापासून तीन महिन्यांत त्यातल्या किमान 70 टक्के लोकांना नोकरी किंवा स्वतःचा धंदा. म्हणजे मधेच सोडून गेलेला हिशोबातच येत नाही. शेवटी सर तयार झाले, पण अटीवर, रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यायचे. ती अट मला आवडलीच.

ऑगस्टमध्ये प्रश्नावली. मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम आहे. पहिला प्रश्न मी लिहिला "सध्या नोकरी आहे का?" आणि पाच-सहा जणांवर करून बघितला. दुचाकीच्या बॅचमधला एक मुलगा, परांडा रोडला स्वतःचं गॅरेज, हाताखाली दोन पोरं, तो म्हणाला, "नाही मॅडम, नोकरी कुठली." आता हा आमचा सगळ्यात यशस्वी विद्यार्थी आणि माझ्या फॉर्मात बेरोजगार. मग केंद्र सरकारचा रोजगाराचा पीएलएफएस सर्व्हे कसा विचारतो ते वाचून काढलं, 2017 पासून तो चालू आहे. त्यात एक पद्धत अशी की मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी निदान एक तास काम केलं असेल तर माणूस कामात धरायचा, आणि दुसरी पद्धत मागच्या 365 दिवसांत जास्तीत जास्त काळ काय केलं ते बघायची. एक तासवाली व्याख्या ऐकून सर हसले, म्हणाले मग तर गावात बेकार कुणीच नाही. म्हणून आम्ही दोन्ही विचारलं, आणि वर एक साधी जोड दिली, मागच्या सात दिवसांत एकूण किती दिवस आणि रोज साधारण किती तास. पुढे सगळ्यात उपयोगी पडला तो हाच प्रश्न.

पगाराचंही तसंच. पगार किती विचारलं की कुणी ऑफर लेटरवरचा सांगतो, कुणी ओव्हरटाइम धरून, कुणी हातात पडतो तो. चाकण-रांजणगावला गेलेली आमची मुलं बहुतेक कॉन्ट्रॅक्टरकडे असतात, पगारातून पीएफचे 12 टक्के जातात, 21 हजारांच्या आत असेल तर ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) पाऊण टक्का, मग कुठे कॅन्टीन, कुठे बस. आम्ही विचारलं की मागच्या महिन्यात खात्यात किती जमा झाले, त्यात ओव्हरटाइमचे किती, आणि खोलीभाडं-मेस जाऊन घरी किती पाठवले. शेवटचा प्रश्न माझ्या सहकारी मुलीने सुचवला, मी आधी नको म्हणत होते, फार खाजगी वाटेल म्हणून. पण तिथेच लोक मोकळेपणाने बोलले. पुण्यात चार जणांत खोली करून राहणाऱ्याचा मोठा पगार आणि बार्शीतच हॉस्पिटलमध्ये लागलेल्या मुलीचा लहान पगार यातला फरक घरी पोचेपर्यंत बराच कमी झालेला असतो, हे एरवी कुठल्याच रकान्यात दिसलं नसतं.

अजून दोन गुंते सांगते, कारण 2024 मध्ये काम करणाऱ्या सगळ्यांनाच हे आले असणार. एक म्हणजे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. जुलैत ती आली आणि आमची बरीच मुलं ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था अशा ठिकाणी सहा महिन्यांसाठी लागली, बारावीला महिना 6 हजार, आयटीआय-डिप्लोमाला 8 आणि पदवीधराला 10. आता ही नोकरी धरायची का? मुलगा रोज दहाला जातो, पाचला येतो, पैसे मिळतात. पण सहा महिन्यांनी संपणार हेही माहीत. आम्ही वेगळा पर्याय केला, 'सरकारी प्रशिक्षण भत्ता', आणि नोकरीच्या आकड्यात घातला नाही. दुसरा गुंता भरतीचा. जूनपासून पोलीस भरतीची मैदानी सुरू होती, "काय करतोस?" तर "तयारी." तयारी म्हणजे पहाटे ग्राउंड आणि दिवसभर अभ्यासिका, दुसरं काम मिळालं तरी करणार नाही. त्याला काम शोधणारा म्हणायचं की विद्यार्थी? पीएलएफएसच्या धर्तीवर आम्ही जोडून विचारलं, उद्या काम मिळालं तर घेशील का. नाही म्हणाला तर तो वेगळ्या रकान्यात.

फॉर्म कोबो टूलबॉक्सवर केला. आमच्याएवढ्या कामाला फुकट पुरतो, मोबाईलवर ऑफलाइन चालतो, प्रश्न मराठीत टाकता येतात आणि उत्तराप्रमाणे पुढचे प्रश्न गाळता येतात. पगाराच्या रकान्याला वरची-खालची मर्यादा घालून ठेवा, नाहीतर 12000 चे 120000 होतात आणि ते डिसेंबरात कळतं. फॉर्मच्या सुरुवातीला संमती, वाचून दाखवायची आणि हो-नाही नोंदवायचं. डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये पास झालाय, तेव्हा अजून लागू व्हायचा होता, पण कायदा बाजूला ठेवला तरी माणसाला हे तर सांगायलाच पाहिजे की तुझं नाव फंडरकडे जाणार नाही.

फोन कुणी करायचे? ट्रेनर तयार होते, पण त्यांना आम्ही मुद्दाम दूर ठेवलं. ज्या सरांनी शिकवलं त्यांना कोण सांगेल की तुमचा कोर्स कामाला आला नाही. इथल्याच कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या तीन मुली घेतल्या, पूर्ण झालेल्या फॉर्ममागे 40 रुपये आणि रिचार्ज आमच्याकडून. अर्धवट फॉर्मलाही 15 रुपये दिले, नाहीतर माणूस फॉर्म 'पूर्ण' करून टाकतो. ट्रेनरनी एवढंच केलं की बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या दिवशी व्हॉइस मेसेज टाकला, उद्या संस्थेतून ताईंचा फोन येईल, अमुक नंबर आहे, उचला. या मेसेजने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशाने पडला नाही.

गणपती बसले 7 सप्टेंबरला, आम्ही फोन सुरू केले विसर्जनानंतर. पहिला आठवडा फारच वाईट गेला. एकतर जुलैच्या सुरुवातीला तिन्ही मोठ्या कंपन्यांनी रिचार्ज महाग केले होते, त्यामुळे कितीतरी जणांनी दुसरं सिम बंद पडू दिलं होतं, कुणी बीएसएनएल घेतलं होतं. आणि दुसरं म्हणजे लाडकी बहीण. रक्षाबंधनाच्या सुमारास पहिले पैसे खात्यात आलेले, गावोगाव तीच चर्चा, आणि अशात आमची मुलगी फोन करून विचारतेय वय किती, लग्न झालंय का, महिन्याला कमावता किती. एक फोन मी स्वतः शेजारी बसून ऐकला. जीडीएच्या 2022 च्या बॅचची मुलगी, आता सासरी, माढा तालुक्यात.

"काम करते का सध्या?"

"नाही नाही. घरीच असते."

"हॉस्पिटलला लागली होतीस ना ताई, पास झाल्यावर?"

"सोडलं ते." मग थोडं थांबून, "हे त्या पंधराशेचं आहे का ओ? सासूबाई विचारतायत."

आमच्या मुलीने सांगितलं की तसलं काही नाही, आपल्या क्लासचं आहे, अमुक सरांचा क्लास. तिकडून फोनवर हात ठेवल्याचा आवाज, काहीतरी बोलणं, आणि मग एकदम हलक्या आवाजात, "सकाळी दोन घरी जाते मी. एका आजीला इन्सुलिन द्यायला अन एकांची जखम ड्रेसिंग करायला. महिन्याचे साडेतीन हजार होतात. पण ते लिहू नका हां." आता हे लिहायचं की नाही? आम्ही लिहिलं नाही, तिच्या फॉर्मवर 'उत्तर दिलं नाही' टाकलं, कारण संमती म्हणजे संमती. पण त्या संध्याकाळी प्रास्ताविक बदललं. पहिल्याच वाक्यात 'हा फोन कुठल्याही सरकारी योजनेचा नाही, यामुळे कुणाचे पैसे सुरू किंवा बंद होणार नाहीत' हे आलं आणि उत्पन्नाचे प्रश्न शेवटी गेले. विवाहित मुलींना फोन दुपारी दोन ते चारमध्ये, शिफ्टवाल्यांना रविवारी, आणि आई-वडिलांनी उचलला तर त्यांच्याकडून फक्त मुलाचा नवीन नंबर घ्यायचा. घरच्यांनी सांगितलेलं "कंपनीत आहे" हे उत्तर आम्ही धरलंच नाही. आईला खरंच माहीत नसतं की दिवाळीआधीच पोराचा ब्रेक झालाय, म्हणजे काम थांबलंय.

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निम्म्याहून थोडे जास्त फॉर्म आले आणि गाडी अडकली. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, प्रचाराच्या रेकॉर्डेड कॉलनी लोक एवढे वैतागले की अनोळखी नंबर कुणी उचलेना. सर म्हणाले पुरेत की एवढे, अर्धे म्हणजे चांगलं सॅम्पल झालं. मला ते काही केल्या पटेना. फोन उचलणारे आणि न उचलणारे सारखे नसतात ना. ज्याचं बरं चाललंय तो उत्साहाने उचलतो, ज्याला सांगायला काही नाही तो संस्थेचं नाव बघून सोडून देतो. उलटही होतं, बरं चाललेला माणूस मशीनवर असतो आणि फोन लॉकरमध्ये. नक्की काय आहे ते त्यांना गाठल्याशिवाय कळणार नाही, आणि सगळ्यांना गाठायला पैसे नाहीत.

यावर उपाय मला एका ओळखीच्या प्राध्यापकांनी सांगितला आणि या सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. राहिलेल्या सगळ्यांच्या मागे थोडं थोडं पळू नका. त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून तिसरा हिस्सा निवडा आणि फक्त त्यांच्या मागे हात धुवून लागा, घरी जा, मित्रांना विचारा, काहीही करा पण ते गाठा. मग हिशोबात त्या प्रत्येकाला तिघांच्या जागी धरा. बाकीचे दोन हिस्से सोडून द्यायचे, अगदी त्यातला एखादा तुमच्या गल्लीत राहत असला आणि सहज भेटला तरी. हे सोडून देणं मनाला फार जड जातं. पण तसं केलं नाही तर सोपे सोपे तेवढे गोळा होतात आणि अवघड पुन्हा राहतात. चिठ्ठ्या आम्ही खरोखरच टाकल्या, डब्यात, सगळ्यांसमोर, कारण एक्सेलच्या रँडमवर सरांचा विश्वास नव्हता.

आणि मग दिवाळी. लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, त्या आठवड्यात पुण्या-मुंबईला गेलेलं प्रत्येक पोरगं गावी असतं. मुलींना सुट्टीत काम नको होतं म्हणून त्या आठवड्याचा दर घरभेटीला 150 रुपये केला, शिवाय एसटीचं तिकीट, ते महिलांना 2023 पासून अर्धंच आहे त्यामुळे आमचा प्रवासखर्च फारच कमी आला. जिथे एसटी जात नाही तिथे माझ्या नवऱ्याची गाडी आणि पेट्रोलची पावती.

वैरागच्या पुढच्या एका गावात आम्ही टॅलीच्या मुलाकडे गेलो. फोन तीन आठवडे लागत नव्हता. पोरगा दारातच बसलेला, पुढ्यात सोयाबीनची पोती आणि वहीत आकडे. कंपनी का सोडली विचारलं तर म्हणाला नऊ महिने केली, मग वडिलांची पाठ गेली, घरी आलो. आमच्या फॉर्मच्या हिशोबाने नोकरी गेलेला. पण वही बघितली तर डावीकडे नावं, उजवीकडे वजन, ओलावा, कट, भाव, रक्कम, खाली रेघ मारून बेरीज. गावातल्या शेतकऱ्यांचा माल एकत्र करून हा बाजार समितीत नेतो, पट्टी तपासतो, आडत्याने कुठे जास्त कापलं ते दाखवतो आणि क्विंटलमागे काहीतरी घेतो. टॅली वापरतोस का विचारलं. "टॅली कशाला, वहीत जमतंय की. पण डेबिट-क्रेडिट तिथंच शिकलो." याला कुठल्या रकान्यात घालायचं यावर परतताना गाडीवर आमची चर्चा चालू होती. स्वयंरोजगार टाकलं, पण 'शिकलेलं कामात वापरता का' असा एक प्रश्न फॉर्मात होता तो मी आधी काढून टाकणार होते, बरं झालं राहिला.

सगळे गाठले गेले का? नाही. चिठ्ठीतले काही शेवटपर्यंत सापडलेच नाहीत, दोघांचं निधन झालेलं कळलं, त्यातला एक अपघातात. त्या घरातून बाहेर पडल्यावर सोबतची मुलगी म्हणाली आज बास, आणि आम्ही परत आलो. फोन करणाऱ्या मुलींची पण काळजी घ्यावी लागते, या कामात नको ते ऐकायला मिळतं. अशा फॉर्मचेही पूर्ण पैसे द्या.

20 नोव्हेंबरचं मतदान झाल्यावर तपासणी सुरू केली. प्रत्येक मुलीच्या फॉर्ममधून दर दहावा फॉर्म मी दुसऱ्या मुलीकडून पुन्हा तीन-चार प्रश्नांपुरता करून घेतला, काम आहे का, कुठे, केव्हापासून. बहुतेक जुळले. पगाराचा पुरावा सगळ्यांकडे मागायचा नाही असं ठरलं होतं, नोकरीवाल्यांपैकी थोड्यांना विनंती केली की पीएफचं पासबुक स्वतःच्याच मोबाईलवर उघडून फक्त महिने सांग. स्क्रीनशॉट मागू नका, त्यात यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर असतो आणि तो तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये पडून राहतो. पासबुकात अजून एक दिसतं, मुलगा म्हणतो एकाच कंपनीत दोन वर्षं आहे आणि तिथे तीन कॉन्ट्रॅक्टरांची नावं. हे नोकरी बदलणं धरायचं नाही हे आधीच लिहून ठेवा.

सगळ्यात अवघड प्रश्न फंडरने विचारलाच नव्हता, तो मलाच छळत होता. ही मुलं कामाला लागली ती आपल्यामुळे का? कोर्सच्या आधी किती कमवत होती आणि आता किती, एवढं मांडलं की चित्र झकास दिसतं. पण ट्रेनिंगला माणूस येतो केव्हा? हातचं काम गेलेलं असतं तेव्हा. अमेरिकेतल्या ऑर्ली ॲशेनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञाने हे 1978 मध्येच दाखवून ठेवलंय, की ट्रेनिंगला येणाऱ्यांची कमाई त्याच्या आदल्या काळात मुळातच घसरलेली असते, त्यामुळे ती नंतर थोडी तरी सावरणारच, क्लास लावा न लावा. शिवाय वय वाढतं तसा पगार वाढतोच. याचं चोख उत्तर म्हणजे जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढायची आणि दोन्ही गटांना नंतर विचारायचं. कोलंबियात 2005 मध्ये गरीब घरांतल्या तरुणांच्या ट्रेनिंगला असंच केलं होतं, त्यात मुलींची कमाई जवळपास 20 टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि मुलांच्या बाबतीत ठोस असं काही सांगता आलं नाही. आमच्याकडे मागच्या वर्षांची सोडत कुठून आणणार. चौकशीचं रजिस्टर मात्र होतं, म्हणजे येऊन नाव लिहून गेले पण प्रवेश घेतला नाही असे लोक. त्यातल्या थोड्यांना फोन केले. ही तुलना लंगडी आहे, न आलेल्यांत काहींना आधीच चांगलं काम लागलं होतं म्हणून ते आले नव्हते, काही मुलींना घरून परवानगी नव्हती. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं, आणि 'इम्पॅक्ट' हे हेडिंग काढून 'आज काय करतात' असं ठेवलं.

खर्च सगळा मिळून 40 हजारांच्या आत बसला, फॉर्मचे पैसे, रिचार्ज, प्रवास, आणि प्रिंटिंग. माझा पगार त्यात नाही, तो कुणीच धरत नाही.

रिपोर्ट 28 जानेवारीला गेला. आकडे इथे देत नाही, ते मुलांचे आणि फंडरचे आहेत, पण ढोबळ सांगते. प्रवेश घेतलेल्यांवर मोजलेला टक्का आमच्या ब्रोशरमधल्या आकड्यापेक्षा बराच कमी आला. चिठ्ठीतले लोक सहज फोन उचलणाऱ्यांपेक्षा कमी कामात निघाले, म्हणजे ऑक्टोबरात थांबलो असतो तर आपलीच पाठ थोपटून घेतली असती. जीडीएच्या मुली टिकतात पण पगार हलत नाही आणि लग्नानंतर गावं बदलली की काम सुटतं. पुण्याला गेलेली मुलं सहा-आठ महिन्यांत परत येतात आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पगार नसतो, खोली असते. तीन महिन्यांना मोजलं असतं तर ही सगळी पास.

पाठवायच्या आदल्या रात्री मला धड झोप नव्हती, कमी आकडा बघून फंडिंगच बंद केलं तर काय, इथे आठ जणांचे पगार त्यावर आहेत. उत्तर महिनाभर आलं नाही. मार्चमध्ये मॅडमचा फोन आला, कमी आकड्याबद्दल त्यांनी एकच विचारलं, खोलीचं जे लिहिलंय त्यावर काय करता येईल. पुढच्या वर्षाचं मंजूर झालं, मागितलं त्यापेक्षा थोडं कमी, आणि त्यात चाकणला पहिल्या दोन महिन्यांच्या राहण्यासाठी छोटी रक्कम आणि फॉलोअपच्या फोनसाठी वेगळं हेड.

आता प्रवेश अर्जावर तीन नंबर घेतो, स्वतःचा, घरातला आणि गावातल्या अशा एकाचा की जो गाव सोडून जाणार नाही, बहुतेक मुलं किराणा दुकानदाराचा देतात. प्रवेशाच्याच दिवशी मागच्या वर्षाची कमाई आणि काम लिहून घेतो. कोर्स संपल्यावर तिसऱ्या, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात फोन. सर्व्हेचे फोन करणाऱ्या तिघींपैकी एका मुलीला आम्ही कायम ठेवलंय, नव्या हेडमधून. तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की दुपारी दोन ते चारमध्ये ऑफिसात चहा-गप्पांचा आवाज फार असतो, तिच्या फोनसाठी स्टोअर रूम मोकळी करून द्या. जुनी रजिस्टरं तिथेच आहेत, ती कुठे हलवायची ते बघतोय.